वाचकांचे प्रश्न : लहान मूल घरात असताना नर्सिंगचे शिक्षण

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी तासगाव तालुक्यातील एका गावात राहते. माझे वय २७ आहे. जीवशास्त्र घेऊन बारावी विज्ञान शाखेतून ५८ टक्के गुण मिळवून मी उत्तीर्ण झाले. त्यानंतर लग्न झाले आणि शिक्षण थांबले. मुलगी आता तीन वर्षांची आहे. यजमान कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात, सासू-सासरे द्राक्षबाग पाहतात. मला मनापासून नर्सिंग करायचे आहे आणि घरातून विरोध नाही. सासूबाई म्हणतात, "तू शीक, पोरीचं बघू आपण." परंतु बीएस्सी, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) की एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवाइफरी), हे ठरत नाही. जवळच्या शहरातील एका संस्थेत एक वर्षाचा नर्सिंगचा कोर्स आहे आणि तो केल्यावर लगेच नोकरी लागते, असेही काही जण सांगतात. मुलगी एवढी लहान असताना हे शिक्षण झेपेल का?
— एक वाचक भगिनी, तासगाव तालुका

उत्तर : सर्वप्रथम एक वर्षाच्या कोर्सचा विचार मनातून काढून टाका. भारतात परिचारिका म्हणून काम करण्यासाठी राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी असावी लागते. महाराष्ट्र परिचर्या परिषद ही नोंदणी एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांनंतरच देते. त्यांतला सर्वांत लहान अभ्यासक्रम एएनएमचा आणि तोही दोन वर्षांचा आहे. सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या कोर्सनंतर एखाद्या खासगी दवाखान्यात रुग्णसहायक म्हणून काम मिळू शकेल, पण त्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही, सरकारी भरतीत अर्ज करता येत नाही आणि पुढच्या अभ्यासक्रमाला प्रवेशही मिळत नाही. पत्राने किंवा घरबसल्या नर्सिंगचे मूळ शिक्षण देणारा कोणताही मान्य मार्ग नाही, हेही लक्षात ठेवा. लहान मुलांच्या आयांना अशा जाहिराती फार जवळच्या वाटतात आणि त्यात त्यांचे पैसे व उमेदीचे वर्ष दोन्ही जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळते. नर्सिंगमध्ये पुस्तकी अभ्यासापेक्षा वॉर्डमधील तास अधिक कडक असतात. परीक्षेला बसण्यासाठी साधारण ८० टक्के हजेरी लागते, परंतु वॉर्डमधील प्रात्यक्षिकाचे तास अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत शंभर टक्के भरावेच लागतात. मुलगी तापाने फणफणली म्हणून तुम्ही आठवडाभर घरी राहिलात, तर वर्गातला धडा मैत्रिणीच्या वहीवरून भरून काढता येईल, पण राहिलेली ड्यूटी सुट्टीच्या दिवशी पुन्हा करावी लागेल. हा नियम निर्दय वाटला तरी योग्य आहे, कारण सलाईन लावणे, बाळंतिणीची तपासणी करणे, भाजलेल्या रुग्णाची मलमपट्टी करणे या गोष्टी हाताखालून गेल्याशिवाय येत नाहीत आणि उद्या तुमच्या हाती रुग्णाचा जीव असणार आहे. म्हणूनच 'शिक्षण झेपेल का' या प्रश्नाऐवजी 'वॉर्डच्या तासांत मुलीजवळ नेमके कोण असेल' हा प्रश्न घरात ठेवा. त्याचे उत्तर पक्के असेल तर शिक्षण झेपते. ते उत्तर अर्धवट असेल तर हुशार विद्यार्थिनीसुद्धा दुसऱ्या वर्षात थकून जाते.

सासूबाईंचा होकार मोलाचा आहे आणि त्यांच्या मनात खोट नाही, हे तुमच्या पत्रावरून कळते. तरीही 'बघू आपण' यावर तीन वर्षे काढता येणार नाहीत. तुमच्या घरी द्राक्षबाग आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी झाली की पुढचे कित्येक आठवडे फवारणी, विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) यांतून कोणाला उसंत नसते. जानेवारीपासून तोडणी सुरू होते, बेदाणा करत असाल तर शेडवरचे काम आलेच, आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी असते. म्हणजे वर्षातील बराच काळ तुम्ही वॉर्डमध्ये आणि सासूबाई बागेत, अशी स्थिती येणार. यजमानांची पाळी सकाळची असेल त्या आठवड्यात तर सकाळी सहापासून दुपारपर्यंत मुलीजवळ घरातले कोणीही नसेल. ही अडचण आजच दिसते आहे, तर तिची सोयही आजच करायला हवी.

माझे सांगणे असे की, प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी तुम्ही, यजमान आणि सासू-सासरे यांनी एकत्र बसून यजमानांच्या तीनही पाळ्यांचे तीन वेगवेगळे आठवडे कागदावर मांडावेत आणि प्रत्येक दिवसाच्या प्रत्येक तासापुढे एका माणसाचे नाव लिहावे. जिथे नाव लिहिता येणार नाही, तिथे पैसे देऊन कोणाला ठेवावे लागेल किंवा तुमच्या माहेरची मदत घ्यावी लागेल. अंगणवाडीचा आधार अवश्य घ्या. एकात्मिक बालविकास योजनेतून १९७५ पासून चालणाऱ्या या अंगणवाड्यांमध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आहार आणि शाळापूर्व शिक्षण मिळते, तुमच्या मुलीचे वय त्यासाठी अगदी योग्य आहे. मात्र अंगणवाडी दुपारी सुटते आणि तुम्ही घरी पोहोचेपर्यंत मधले तास उरतात. त्या तासांसाठी शेजारच्या एखाद्या विश्वासू बाईंना महिन्याचे ठरावीक पैसे देऊन बांधून घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवते. उपकार म्हणून घेतलेली मदत सणावाराला आणि लग्नसराईत हमखास अडते. पैसे ठरलेले असले की त्या बाईही वेळ पाळतात आणि तुम्हालाही बोलायला संकोच वाटत नाही.

अभ्यासक्रमाच्या निवडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तुमच्या परिस्थितीत मी जीएनएमची शिफारस करीन. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे असून त्याची पदवी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. त्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात आणि राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तुमचे गुण पात्रतेपुरते आहेत आणि कमाल वयाची ३५ वर्षांची अटही अजून दूर आहे. परंतु बारावीनंतर इतकी वर्षे गेल्यावर, मुलीला सांभाळत प्रवेश परीक्षेची तयारी करायची आणि गुणवत्ता यादीत लांबचे महाविद्यालय मिळाले तर मुलीला सोडून वसतिगृहात राहायचे, हे दोन्ही भार एकदम येतील. जीएनएम तीन वर्षांत पूर्ण होते, त्यात शेवटच्या सहा महिन्यांच्या आंतरवासितेचाही (इंटर्नशिपचाही) समावेश असतो आणि नोंदणी झाल्यावर अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) पदासाठी तुम्ही पात्र ठरता. पुढे नोकरी करून, मुलगी शाळेत रुळल्यावर, दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते आणि पदवी हाती येते. एकूण एक वर्ष अधिक जाते हे खरे, पण ते वर्ष मुलगी मोठी झाल्यानंतरचे असते. आज तीन वर्षांची असलेली मुलगी तुम्ही जीएनएमच्या अखेरीस आंतरवासितेत असाल तेव्हा पहिलीच्या उंबरठ्यावर असेल, हा काळाचा मेळ मला तुमच्यासाठी फार सोयीचा वाटतो.

एएनएम कमी दर्जाचे आहे असे कोणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नका. जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रात लसीकरण आणि गरोदर मातांची तपासणी करणारी आरोग्य सेविका याच शिक्षणातून येते. सपाट प्रदेशात साधारण पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र हा निकष पाहिला, तर तिच्या कामाचा पसारा लक्षात येईल. दोन वर्षांपेक्षा अधिक काळ घर थांबू शकणार नाही अशी परिस्थिती असेल तर एएनएम अवश्य करावे. तुम्ही विज्ञान शाखेच्या आहात आणि घर पाठीशी आहे, म्हणून मी तुम्हाला एक वर्ष अधिक द्यायला सांगते आहे.

संस्था निवडताना इमारत आणि जाहिरात यांपेक्षा अंतर पाहा. सांगली-मिरज हा परिसर वैद्यकीय सेवेचे जुने केंद्र आहे. मिरजेत मिशन हॉस्पिटल १८९४ पासून आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे आणि त्याखेरीज खासगी रुग्णालये पुष्कळ आहेत. त्यामुळे तुमच्या गावाहून रोज जाऊन-येऊन शिकण्याजोगी संस्था मिळण्याची शक्यता चांगली आहे. एसटीमध्ये महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट लागते, त्याचाही हातभार लागेल. मात्र काही संस्था विद्यार्थिनींनी वसतिगृहातच राहिले पाहिजे असा आग्रह धरतात, म्हणून घरून ये-जा करण्यास परवानगी आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.

त्याच वेळी आणखी काही गोष्टी विचारा. सकाळची वॉर्ड ड्यूटी किती वाजता लागते आणि तुमच्या गावची पहिली एसटी तिथे वेळेत पोहोचते का? दुपारच्या आणि रात्रीच्या ड्यूट्या कोणत्या वर्षापासून लागतात आणि त्यांचे वेळापत्रक किती दिवस आधी मिळते? ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्याच्या अनुभवासाठी मुक्कामी राहावे लागते का? आणि मानसिक आरोग्य परिचर्येचा अनुभव संस्था कुठे देते? हा शेवटचा प्रश्न पुष्कळ मुली विचारत नाहीत. राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ज्या संस्थांना जवळ मनोरुग्ण विभाग उपलब्ध नसतो त्या आपल्या विद्यार्थिनींना काही आठवड्यांसाठी बाहेरगावी पाठवतात. तो विषय जीएनएमच्या दुसऱ्या वर्षात येतो. आईला मुलीपासून दूर राहावे लागण्याचा सर्वांत लांब काळ बहुधा हाच असतो, म्हणून तो कोणत्या महिन्यात येणार हे आधी कळले तर तुमच्या आईला त्या दिवसांत तासगावला येऊन राहण्याची विनंती करता येईल.

कागदपत्रांची तयारी आतापासून करा. बारावीच्या गुणपत्रिकेवर तुमचे माहेरचे नाव असेल आणि आधार कार्डावर कदाचित सासरचे. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदलाची नोंद लागते. मधल्या वर्षांच्या शैक्षणिक खंडाबद्दल प्रतिज्ञापत्र करावे लागते. राखीव जागेवर अर्ज करणार असाल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र माहेरच्या कागदांवरून मिळते, ते काढण्यात वेळ जातो. शुल्काच्या बाबतीत महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती योजना पाहा. राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शंभर टक्के शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. हा लाभ केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना मिळतो, व्यवस्थापनाच्या कोट्यातून आलेल्यांना मिळत नाही. म्हणून 'आमच्याकडे थेट प्रवेश घ्या' असे कोणी म्हटले, तर आपण कोणती सवलत गमावतो आहोत याचा हिशेब आधी करा.

अभ्यासाबद्दल थोडेच सांगते. जीएनएमचे शिक्षण इंग्रजीतून होते आणि पहिल्या वर्षी शरीररचना व शरीरक्रिया या विषयांतील शब्द फार परके वाटतात. प्रवेशापूर्वीच्या महिन्यांत रोज थोडा वेळ काढून अकरावी-बारावीचे जीवशास्त्राचे पुस्तक पुन्हा वाचले तर मोठा फरक पडेल. केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेचा आराखडा) आणि केस स्टडी लिहिण्याचे काम ज्या दिवशी रुग्ण पाहिला त्याच दिवशी, शक्यतो रुग्णालयातच बसून संपवा. घरी आल्यावर मुलगी अंगावर झेप घेणार आणि तिला तो वेळ मिळायलाच हवा. मुलगी सुरुवातीला रडेल, कदाचित तुमच्यावर रुसेल. तिला न सांगता मागच्या दाराने निघून जाऊ नका. आई जाते आणि ठरलेल्या वेळी परत येते, हे तिला रोज दिसले की ती सावरते.

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यातील असून साताऱ्यात जीएनएमच्या पहिल्या वर्षात शिकत आहे. माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे आणि अजून अंगावर पितो. रुग्णालयातून जंतू घरी येतील, म्हणून दूध तोडावे किंवा शिक्षण सोडावे, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. काय करावे?
— एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

उत्तर : दूध तोडण्याची गरज नाही आणि शिक्षण सोडण्याची तर मुळीच नाही. दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही स्तनपान चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या वयाचे बाळ वरचे अन्न खाते, त्यामुळे सकाळी निघण्यापूर्वी, घरी आल्यावर आणि रात्री पाजले तरी पुरते. ड्यूटीच्या वेळेत छाती भरून दुखू लागली तर दूध काढून टाका, तसेच राहू दिले तर गाठी होतात. तुमच्या परिसेविकांना (वॉर्डच्या प्रमुख सिस्टरना) हे मोकळेपणाने सांगा, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

वडीलधाऱ्यांची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही, तिच्यावर उपाय आहेत. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस तुम्ही घेतले नसतील तर लगेच सुरू करा. पहिल्या डोसनंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा घ्यायचा असतो. बाळाचे लसीकरण तपासा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस झालेला असावा आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान चुकवू नका. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, तिच्याबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा. क्षयरोगाच्या रुग्णाजवळ असताना सांगितलेला मास्क नाकावर नीट बसवूनच काम करा. गणवेश शक्यतो रुग्णालयातच बदला, तो वेगळ्या पिशवीत आणा आणि बाळाच्या कपड्यांपासून वेगळा धुवा. घरी आल्यावर हात साबणाने कोपरापर्यंत धुतल्याशिवाय बाळाला उचलू नका. खिशात असलेला मोबाइलही पुसून घ्या, कारण बाळ तो पहिला तोंडात घालते.

एका गोष्टीत मात्र ढिलाई नको. सुई टोचली तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, दाबून रक्त काढू नका आणि त्याच क्षणी परिसेविकांना सांगा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. ओरडा बसेल या भीतीने विद्यार्थिनी गप्प राहतात, तुम्ही राहू नका. आपण बाळाला अंगावर पाजतो, हेही डॉक्टरांना तेव्हाच सांगा.

प्रश्न : माझी पत्नी पुढील वर्षी जीएनएम पूर्ण करील. आमचा मुलगा पाच वर्षांचा आहे. तिला नोकरी लागल्यावर रात्रपाळीचे कसे करावे, याची मला काळजी वाटते.
— एक वाचक, विटा

उत्तर : हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारला याचा मला विशेष आनंद झाला. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन पाळ्या असतात आणि रात्रीची पाळी सर्वांत लांब, बहुधा बारा तासांची असते. रात्रपाळी करून आलेल्या बाईची सकाळ ही तिची रात्र असते. त्या वेळी तिने स्वयंपाक करावा, पाहुण्यांचे पाहावे अशी अपेक्षा घरात कोणी ठेवणार नाही, ही जबाबदारी तुम्ही घ्यावी. झोप न झालेल्या परिचारिकेच्या हातून औषधाच्या मात्रेत चूक होऊ शकते. मुलाचा डबा, अंघोळ आणि शाळेत सोडणे ही कामे तुम्ही आतापासूनच रोजची म्हणून अंगवळणी पाडा, म्हणजे नोकरी लागल्यावर मुलाला एकदम बदल वाटणार नाही. ज्या आस्थापनेत ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय असली पाहिजे, ही तरतूद २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने आणली. मुलाखतीच्या वेळी त्याची चौकशी करण्यास तिला सांगा. आणि मुलाच्या शाळेत पहिला संपर्क क्रमांक तुमचा द्या, कारण वॉर्डमध्ये इंजेक्शनची ट्रे हातात असताना तिला फोन उचलता येणार नाही.